सरड्याची धाव आणि आपले कुंपण

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आपण हिणवण्यासाठी वापरतो. ज्याची कुवत अल्प, ज्याची झेप तोकडी, त्याच्या माथी ती मारावयाची. पण ही म्हण रचणाऱ्या वाडवडिलांनी सरड्याचे घर कोठे असते हे पुरते न्याहाळले होते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. संकट आले की सरडा कुंपणाकडे धावतो, कारण कुंपण हेच त्याचे घर, तेच कोठार आणि तोच किल्ला. आज मात्र प्रश्न निराळाच उभा राहिला आहे. सरडा धावेल, पण कुंपण कोठे आहे? आमच्या बेळगाव सीमाभागातील कित्येक खेड्यांतून निरगुडीची, शेराची, करवंदीची कुंपणे निघाली आणि त्यांच्या जागी काटेरी तार आली, नाही तर सिमेंटची भिंत. भिंतीत नीटनेटकेपणा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तिच्यात कोणास राहता येत नाही, एवढेच.

हे लिहावयास निमित्त घडले धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाचे. परदेशातील लोक जाळीच्या पेटीत झाडे लावून त्यांत घोयरा पाळतात, हे त्याने मोबाईलवर पाहिले होते. तशी पेटी आपल्याकडे थोडक्या पैशांत कशी करावी, असे त्याने विचारले. लगेच मागल्या बाकावरून दुसऱ्याने सांगितले की, त्याच्या चुलतभावाने एक घोयरा धरून खोक्यात ठेवला होता. आत हिरवी पाने घातली, भाताची शिते टाकली, वाटीभर पाणी ठेवले. आठवड्याने तो मेला, आणि पाण्याची वाटी भरलेली ती भरलेलीच. वर्गात हशा पिकला. ज्याने प्रश्न विचारला होता तो मात्र हसला नाही. त्याचे उत्तर दोन वाक्यांत संपणारे नव्हते, आणि असा प्रश्न मनात असणारी मुले आपल्या घरोघरी असतील, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम नावांचा घोळ निस्तरला पाहिजे. सरडा या एका शब्दाने आपण दोन निराळे प्राणी ओळखतो. मान डोलावणारा, गळा लाल करणारा आणि चाहूल लागताच सटकणारा तो बागेतला साधा सरडा. तो दुरून माणसाचे रक्त शोषतो अशी एक खुळी समजूत आहे आणि तीपायी पोरे त्याच्यावर दगड उचलतात. दुसरा तो घोयरा. कोठे कोठे त्यास सरडगुहिरा म्हणतात. हा पानासारखा चपटा असतो. डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, शेपूट घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली, लांबी शेपटीसह फूटभर किंवा थोडी अधिक. त्याचे डोळे एकमेकांवर अवलंबून नसतात. एक पुढे पाहत असता दुसरा पाठीमागे फिरतो. पुढच्या पायाची आतली तीन बोटे एकत्र आणि बाहेरची दोन एकत्र, मागच्या पायाची नेमकी उलट, अशी चिमट्यासारखी रचना असल्यामुळे त्याची बारीक फांदीवरील पकड घट्ट बसते; पण सपाट जमिनीवर तो अगदी दीनवाणा होतो. पाऊल उचलावे, झुलावे, थांबावे, मग टेकावे, ही त्याची चाल. वाऱ्याने पान हलावे तशी ती दिसते, आणि त्यातच त्याचे रक्षण आहे. भारतात घोयऱ्याची ही एकच जात असून श्रीलंकेतही तीच आढळते.

त्याच्याजवळ विष नाही. त्याचा फुत्कार लागला तर अंग सुजते, तो आडवा गेला तर घरात आजार येतो, असे सांगणारी माणसे आम्हास भेटतात आणि ती केवळ अशिक्षितच असतात असेही नाही. घोयरा भ्याला म्हणजे अंग फुगवितो, रंग गडद करतो, तोंड उघडून फुसफुसतो. दुबळ्याने केलेला तो एक आव आहे. त्याच्या भीतीने ज्यांनी काठी उचलली त्यांनी एका निरुपद्रवी जीवाची हत्या केली, याहून दुसरे काही घडले नाही.

रंगाविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण निवडणुकीच्या दिवसांत या बिचाऱ्याच्या नावाचा फार दुरुपयोग होतो. तो ज्यावर बसेल त्याचा रंग घेतो, ही समजूत खरी नव्हे. ऊन, गारवा, भीती, राग आणि जोडीदाराची चाहूल यांनी त्याचा रंग पालटतो. जिनिव्हा येथील संशोधकांनी २०१५ साली मादागास्करच्या एका जातीवर अभ्यास करून दाखविले की, त्वचेतील काही पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते आणि तिच्यातील अंतर कमीअधिक झाले म्हणजे परावर्तित होणारा प्रकाश बदलतो. तेव्हा रंग बदलणे हे त्याचे ढोंग नसून त्याच्या मनाची व अंगाची स्थिती तो उघड्यावर मांडतो, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

आता पेटीचा प्रश्न. आपल्या रानातला घोयरा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्यास धरणे, घरात ठेवणे, विकणे किंवा मारणे हा गुन्हा होय. मग पेटी कितीही सुंदर असो. परदेशी जातीचा घोयरा बाळगावयाचा म्हटले तरी, कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर सरकारी नोंदणीवाचून सुटका नाही. आणि परका प्राणी हातून सुटला म्हणजे काय होते, त्याचे उदाहरण हवाई बेटांत आहे. १९७२ सालीच तेथील ओआहू बेटावर केनियातून आणलेले शिंगांचे घोयरे एका व्यापाऱ्याने प्रवासाचा शीण जावा म्हणून आपल्या बागेत मोकळे ठेवले. ते तेथून पसरले आणि आज तेथले मूळचे किडे व दुर्मीळ गोगलगाई त्यांच्या भक्ष्यस्थानी पडत आहेत.

तथापि परदेशातील जाणते लोक ती पेटी कशी करतात, हे समजून घेण्यासारखे आहे. तिकडे बहुधा येमेन व सौदी अरेबिया या देशांतील तुरेवाली जात पाळतात. पूर्ण वाढलेल्या एका प्राण्यासाठी पेटी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच घेतात. ती काचेची करण्यापेक्षा जाळीची बरी, कारण कोंदट हवेत घोयऱ्याची छाती भरते. लाकडाची चौकट व जाळी घरच्या घरी ठोकता येते, त्यामुळे हा भाग स्वस्तात निभावतो. आत जास्वंद, मनीप्लांट, वडाच्या कुळातील लहान झाडे कुंड्यांतून ठेवतात आणि बोटाएवढ्या व त्याहून बारीक फांद्या आडव्या-तिरप्या बांधतात. वरच्या अंगास ऊब देणारा एक दिवा आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे देणारी दुसरी नळी. ही नळी डोळ्यांना तेजस्वी दिसत राहते, पण तिची खरी शक्ती वर्षाच्या आतबाहेर ओसरते आणि ती बदलावी लागते. न बदलल्यास प्राण्याची हाडे मऊ पडून वाकतात. खर्चाची खरी मेख येथे आहे. पेटी स्वस्तात होते, सूर्य स्वस्तात होत नाही! त्यात रोजचे जिवंत किडे आले, त्यांवर भुरभुरावयाची कॅल्शियमची पूड आली, आणि पाण्याची तजवीज आली.

पाण्यापाशी थोडे थांबू या, कारण त्या खोक्यातल्या घोयऱ्याचा प्राण तेथेच गेला असावा. प्राचीन रोममधील पंडित प्लिनी याने लिहून ठेवले की, घोयरा खात नाही, पीत नाही, केवळ वाऱ्यावर जगतो. पुढे ख्रिस्तसभेतील आद्य लेखकांपैकी टर्टुलियन यानेही आपल्या एका ग्रंथात तीच समजूत पुढे चालविली. थोर माणसांची ही चूक कशी झाली असेल, याचा तर्क करता येतो. त्यांनी घोयऱ्यास भांड्यातून पाणी पिताना कधी पाहिले नाही, आणि कोणीच सहसा पाहत नाही. स्थिर पाणी हे पाणी आहे हे त्यास बहुधा उमगतच नाही. पानावरून ओघळणारा थेंब हलला, चमकला, की तो पुढे सरकून जिभेने टिपतो. दव आणि पावसाचे थेंब हाच त्याचा पाणवठा. म्हणून पेटी ठेवणारे लोक झाऱ्याने पाने भिजवितात, किंवा पेल्याच्या बुडास टाचणीने छिद्र पाडून तो पेटीवर ठेवतात आणि थेंब थेंब पानांवर पडू देतात. वाटी भरून ठेवणाऱ्या त्या मुलाच्या मनात दुष्टावा नव्हता. आपणास जे पाणी वाटते ते समोरच्यासही पाणीच वाटत असेल, असे तो धरून चालला.

ही सारी यादी नीट पाहिली म्हणजे ध्यानात येते की, जाळी, फांद्या, दिवे आणि गळका पेला मिळून ते लोक महागामोलाने जे उभे करू पाहतात ते दुसरेतिसरे काही नसून एक कुंपण आहे. आमच्या त्या मुलास आमचे उत्तर असे: पेटी करू नकोस, कुंपण कर. त्यास दार नको, दिवा नको, आणि पैसा जवळजवळ नकोच.

जागा निवडावी ती घरापासून दूरच्या बांधावर, सकाळचे ऊन मिळेल अशी. रुंदी चार ते पाच फूट तरी हवी. एका ओळीच्या कुंपणात कोणी लपू शकत नाही. दीड-दीड फुटावर दोन ओळी अशा लावाव्यात की एका ओळीतील रोप दुसरीतील मोकळ्या जागेसमोर येईल. निरगुडी आणि अडुळसा यांच्या हातभर लांबीच्या जून काड्या मृगाच्या पावसात खोचल्या की लागतात. अडुळशास शेळी तोंड लावीत नाही, म्हणून तो बाहेरच्या ओळीत असावा. मधून मधून जास्वंद. करवंद काडीने नीट लागत नाही. फळे पिकली की ताजे बी काढून लगेच पेरावे आणि दोन-तीन वर्षे धीर धरावा. या सर्वांवर गुळवेल किंवा तोंडलीचा वेल चढू द्यावा. वेलांमुळे एका झुडपातून दुसऱ्यात जाण्यास पूल तयार होतात आणि घोयऱ्यास भुईवर उतरावे लागत नाही. शेर काही जण लावतात. त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास फार अपाय होतो, तेव्हा लहान मुलांच्या घरी तो नसावा असे आमचे मत आहे. घाणेरी तर मुळीच लावू नये. ती आपली आपणच येते आणि मग दुसऱ्या कोणास येऊ देत नाही.

कुंपणाच्या कडेने हातभर पट्टा गवत व रानफुलांस सोडून द्यावा. नाकतोडे, माश्या, फुलपाखरे तेथे येतात, आणि घोयऱ्याचे अन्न तेच. शेणाचा उकिरडा जवळ असला तर माश्यांची वाण पडत नाही. अंगाहून लांब जीभ फेकून तो त्या टिपतो. हा देखावा ज्याने एकदा पाहिला तो पुन्हा पाहावयास उन्हात उभा राहतो. मात्र फवारणीचे औषध या पट्ट्यावर येता कामा नये. शेतात फवारावयाचे झाल्यास वारा कुंपणाकडे नसताना फवारावे. किडे मेले म्हणजे घोयरा उपाशी, आणि अर्धमेले किडे खाल्ले म्हणजे विषबाधा.

पावसाळ्यात व हिवाळ्यात पाण्याची चिंता नाही, दव पुरेसे असते. चैत्र-वैशाखात मात्र सकाळी झाऱ्याने पाने भिजवावीत. रोज हे होत नसेल तर जुन्या मडक्याच्या बुडाशी बारीक छिद्र करून त्यात कापडाची वात घालावी आणि ते झुडपाच्या वर तिकाटण्यास टांगावे. उन्हाळ्यात शेजारच्या देवळात पिंडीवर गळती टांगतात, अगदी तसेच. मडक्याचे तोंड फडक्याने बांधलेले असावे, म्हणजे डास होणार नाहीत.

येथे आमच्या मायबहिणींचा आक्षेप आम्हास ऐकू येतो: दाट कुंपण म्हणजे सापास आमंत्रण. आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जेथे सरडे व उंदीर तेथे साप येणारच. म्हणूनच हे कुंपण दाराशी नसून दूरच्या बांधावर असावे, असे आम्ही प्रथमच सांगितले. घर आणि कुंपण यांत दहा-पंधरा फुटांचे झाडलेले, सारवलेले अंगण असावे. सरपण, कौले, विटा यांचे ढीग कुंपणालगत रचू नयेत. कुंपणात हात घालून करवंदे काढू नयेत, रात्री त्या बाजूस कंदील किंवा बॅटरी घेतल्यावाचून जाऊ नये, आणि पायांत वहाणा असाव्यात. एवढे पाळता येत नसेल, किंवा आवार अगदीच अरुंद असेल, तर त्या घरी हा खटाटोप करू नये. चर्चच्या वा शाळेच्या आवाराची दूरची कड त्यासाठी अधिक बरी.

कुंपण छाटण्याचीही रीत आहे. यंत्राने सपाट कापलेले कुंपण शोभेचे असते. वर्षातून एकदा, एकाच बाजूने, तिसरा हिस्सा छाटावा. बाकीचे पुढच्या वर्षांसाठी ठेवावे. कोयता लावण्यापूर्वी फांदी न्याहाळावी, कारण घोयरा पळत नाही. तो फांदीच्या पलीकडल्या अंगास सरकतो आणि गप्प राहतो. कोयत्यास ते कळत नाही. वाळका पाला कुंपणाच्या बुडाशी जाळण्याची आपली खोड तर सोडलीच पाहिजे.

असिसीच्या संत फ्रान्सिसने मठाच्या बागेचा एक भाग न खणता, न पेरता तसाच राखण्यास सांगितले होते, जेणेकरून रानफुले व रानवनस्पती तेथे आपल्या इच्छेने वाढाव्यात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याची आवर्जून आठवण दिली आहे. बागाईत शेतकऱ्यास ही आज्ञा जड वाटेल. वीतभर जमिनीचे मोल त्यास ठाऊक असते. पण बांधाची कड अशीही नांगराखाली येत नाही. ती देऊन टाकण्यात तोटा थोडा. लेवीय पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात घोयऱ्याचे नाव निषिद्ध प्राण्यांत येते, असा दाखला एका वृद्ध गृहस्थांनी आमच्यापुढे ठेवला होता. संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरात ते नाव आहे, हे खरे. परंतु तेथे निषेध आहे तो खाण्याचा. ठार मारण्याची आज्ञा त्या अध्यायात कोठेही नाही.

संत फ्रान्सिसचा सण ४ ऑक्टोबरला येतो, आणि योगायोग असा की घोयऱ्याच्या मादीचा काळही त्याच सुमारास येतो. पावसाळा सरता सरता ती झाडावरून खाली उतरते, मऊ माती शोधते, बीळ उकरते, त्यात दहापासून तिसांपर्यंत अंडी घालते आणि माती लोटून निघून जाते. वर्षातले तिचे सर्वांत धोक्याचे दिवस ते हेच. मांजर, मुंगूस, भारद्वाज, आणि आपल्या मोटारसायकली. कुंपणाच्या पूर्वेस तीन-चार फूट भुसभुशीत, वाळूमिश्रित जमीन तिच्यासाठी मोकळी ठेवावी आणि नवरात्रापासून पुढचा पावसाळा लागेपर्यंत तेथे कुदळ मारू नये. अंडी मातीत कित्येक महिने असतात. रस्ता ओलांडणारा घोयरा दिसल्यास त्याच्यापुढे काठी धरावी. तो काठीवर चढतो. मग ज्या दिशेस त्याचे तोंड होते त्याच बाजूच्या पहिल्या झुडपावर त्यास सोडावे. घरी आणू नये, आपल्या नव्या कुंपणातही आणून सोडू नये. आणलेला घोयरा राहत नाही. तो आपली जुनी जागा शोधत पुन्हा भुईवर उतरतो.

कुंपण केले म्हणजे घोयरा येईलच, असे वचन आम्ही देत नाही. कोरड्या मुलखात, माळांच्या व शेतांच्या कडेने तो अधिक; घाटमाथ्यावरच्या धो धो पावसात क्वचित. शेजाऱ्याचे कुंपण तुमच्याशी जोडलेले असेल तर आशा अधिक. तो आला की नाही हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. दिवसा शोधू नये, डोळे फुटले तरी दिसत नाही. रात्री जेवणानंतर बॅटरी घेऊन कुंपणाच्या बाहेरून सावकाश चालावे. घोयरा बारीक फांदीच्या अगदी टोकाशी निजतो, आणि निजला म्हणजे त्याचा रंग फिका पडतो. गर्द पाल्यात ते पांढुरके, मुटकुळे केलेले अंग चटकन नजरेस येते. प्रकाश क्षणभर टाकावा आणि निघावे. तो न दिसला तर शिंपी पक्ष्याचे घरटे, प्रार्थनाकीटक, साधा सरडा, यांपैकी कोणी ना कोणी त्या जागी बिऱ्हाड केलेले असेल.

वर्गातील त्या मुलाने आपल्या आजोबांकडून पडवीमागची वीस फूट कड मागून घेतली आहे. पेटीसाठी साठविलेले पैसे त्याच्या खिशात तसेच आहेत. चर्चच्या मागील निरगुडी व अडुळसा यंदा छाटावयाचा आहे. मृगाचा पाऊस पडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर, काड्यांच्या मोळ्या विहिरीजवळ ठेवलेल्या असतील. ज्यांस हव्या असतील त्यांनी ओले गोणपाट घेऊन यावे. काड्या उन्हात उघड्या नेल्या तर घरी पोहोचेपर्यंत सुकतात.